ऐकून काढलेले चित्र

पेढीवर बसणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला रुपया वाजवून घेण्याची सवय होती. चांदीचा रुपया फरशीवर टाकला, की तो खणखणतो की बद्द वाजतो, एवढ्यावर त्याची पारख होई. 'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोग मराठीत आला तो तेथूनच. कुंभाराकडून मडके घेताना आजही टिचकी मारली जाते, कलिंगड घेताना ते थापटून पाहिले जाते. वस्तू फोडायची नाही, कापायची नाही, केवळ तिच्या आवाजावरून आतला कस ओळखायचा, ही विद्या बाजारपेठेत फार जुनी आहे.

वैद्यकाने ती बाजारपेठेतूनच उचलली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. ऑस्ट्रियातील ग्राट्झ येथील एका खानावळवाल्याचा मुलगा, लिओपोल्ड औएनब्रुगर, पुढे वैद्य झाला. पिंपावर बोटाने टकटक करून आत द्रव कोठपर्यंत आहे हे वडील ओळखत, ते त्याने लहानपणी पाहिले होते असे सांगतात. त्याने तीच टकटक रुग्णाच्या छातीवर केली आणि आत पाणी साचले आहे काय, हे आवाजावरून ठरवण्याची रीत १७६१ साली ग्रंथरूपाने मांडली. आजही डॉक्टर पाठीवर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकतात, ती हीच रीत.

सोनोग्राफी ही त्याच टकटकीची पुढची पायरी आहे. फरक दोन. ही टकटक आपल्या कानाला ऐकू येत नाही, आणि तिचे उत्तर नुसते ऐकले जात नाही, तर मोजले जाते. पडद्यावर दिसणारे करडे चित्र पाहून आपण 'फोटो काढला' असे म्हणतो, पण तेथे ना प्रकाश असतो ना क्ष-किरण. ते चित्र ऐकून काढलेले असते. एवढी एक गोष्ट नीट उमजली, तर घराघरांतून या तपासणीविषयी ज्या शंका आणि ज्या भ्रामक खात्र्या ऐकू येतात, त्यांतील बहुतेकांचे निरसन होते.

मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. तपासणीसाठी वापरला जाणारा ध्वनी तर त्याहून कितीतरी वरचा, सेकंदाला साधारण वीस लाखांपासून दीड कोटी कंपनांपर्यंतचा असतो. इतका उंच स्वर कशाला हवा? शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. आपल्या बोलण्यातला, सेकंदाला २०० कंपनांचा स्वर शरीरातून पाठवला, तर त्याची एकेक लाट साडेसात मीटरांहून लांब होईल. इतक्या लांब लाटेला पित्ताशयातला तांदळाच्या दाण्याएवढा खडा जाणवणारच नाही. तीच कंपने सेकंदाला ३५ लाख केली, की लाटेची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होते. बारीक वस्तू टिपायची, तर लाटही बारीक हवी.

येथे एक विषयांतर करतो, कारण आपल्या वाचकांच्या मनात हा प्रश्न येणारच. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात शब्दाची, म्हणजे ध्वनीची गणना पुद्गलाच्या पर्यायांत केली आहे. वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण होता. जैन आचार्यांनी मात्र तो द्रव्याशी, मूर्त पदार्थाशी जोडला. ध्वनी पदार्थाविना प्रवास करू शकत नाही, निर्वात पोकळीत तो नसतो, हे आजचे भौतिकशास्त्र सांगते. तेव्हा ध्वनीचा संबंध जडाशी आहे, या मुद्द्यावर दोन्ही दृष्टी जवळ येतात. परंतु ध्वनीत पदार्थाचे कण स्वतः दूरवर जात नाहीत, ते जागच्या जागी हेलकावतात आणि पुढे सरकते ती केवळ हालचाल, हे विज्ञानाचे म्हणणे शास्त्रातील वर्णनाहून वेगळे आहे. 'आमच्याकडे सोनोग्राफी आधीच होती' असे म्हणण्याचा मोह म्हणूनच टाळलेला बरा. त्याने आचार्यांचाही सन्मान होत नाही आणि विज्ञानाचाही.

अशी लाट निर्माण करणारी वस्तू मात्र आपल्या मंदिरांतून ओळखीची आहे. ज्या स्फटिकाच्या प्रतिमांचे आपण दर्शन घेतो, तो स्फटिक म्हणजेच क्वार्ट्झ. १८८० साली पॅरिसमध्ये पिएर आणि जाक क्युरी या बंधूंना असे आढळले, की स्फटिकासारखी काही खनिजे दाबली असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो. पुढच्याच वर्षी उलट बाजूही सिद्ध झाली : विद्युतदाब दिला, की स्फटिक किंचित आकसतो वा फुगतो. विद्युतदाब झपाट्याने आलटून-पालटून दिला, तर स्फटिक थरथरतो आणि ध्वनी निर्माण होतो. परतून आलेला ध्वनी त्याच्यावर आदळला, की तो विद्युत संकेत देतो. म्हणजे तोंडही तोच, कानही तोच. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्वार्ट्झ वापरूनच समुद्रातील पाणबुड्यांचा ठाव घेण्याचे साधन तयार केले. आज डॉक्टरांच्या हातातील प्रोबमध्ये स्फटिकाऐवजी बहुधा शिसे, झिर्कोनियम व टायटॅनियम यांच्या संयुगाची कृत्रिम चकती असते, आणि तिचे शंभराहून अधिक बारीक तुकडे ओळीने बसवलेले असतात. हा प्रोब क्षणभर बोलतो आणि मग ऐकत राहतो. त्याच्या वेळाचा शंभरावा हिस्साही बोलण्यात जात नाही.

आता हिशेब पाहू, आणि तो आपल्या वाचकांना अवघड जाऊ नये. प्रोबमधून ध्वनीचा एक तुटक ठोका निघाला. एक सेंटिमीटर खोलीवरून त्याचा प्रतिध्वनी परत यायला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी १३ भाग लागतात. दहा सेंटिमीटर खोलीवरून यायला १३० भाग. यंत्र फक्त वेळ मोजते आणि वेळेवरून अंतर काढते. प्रतिध्वनी ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने ते जणू रोजमेळात टिपले जातात, आणि मग यंत्र ते ज्याच्या-त्याच्या स्थानाप्रमाणे खतावणीत मांडते. प्रतिध्वनी मोठा असेल तर ठिपका पांढरा, क्षीण असेल तर करडा, काहीच परत आले नाही तर काळा. अशा दोनशे रेषा शेजारी-शेजारी मांडल्या, की एक चित्र पुरे होते. पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंत पाहायचे असेल, तर सेकंदाला अशी सुमारे पंचवीस चित्रे निघतात. म्हणून गर्भातील बाळ हात हलवताना दिसते.

या हिशेबात तूटही आहे. ध्वनी आत जाताना आणि परतताना वाटेत क्षीण होत जातो, आणि स्वर जितका उंच तितकी घट अधिक. ३५ लाख कंपनांचा ध्वनी दहा सेंटिमीटर खोल जाऊन परत येईपर्यंत त्याची शक्ती निव्वळ वाटेतल्या घटीने सुमारे तीन हजारांवा हिस्सा उरते. एक कोटी कंपनांचा ध्वनी तितक्याच अंतरावरून परतेपर्यंत हजार कोटींतला एक हिस्सा उरतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीसाठी उंच स्वराचा प्रोब आणि पोटासाठी खालच्या स्वराचा, असे दोन वेगळे प्रोब असतात ते याच कारणाने. बारकावा हवा तर खोली सोडावी लागते, खोली हवी तर बारकावा. शिवाय उशिरा परतणाऱ्या प्रतिध्वनीला यंत्र जास्त वर्धन देते, जणू जितके दिवस जास्त तितके व्याज अधिक. हे व्याज किती लावायचे, ते तपासणारा डॉक्टर बटणे फिरवून ठरवतो.

प्रतिध्वनी मुळात येतो कोठून? दोन पदार्थांच्या सीमेवरून. प्रत्येक पदार्थ ध्वनीला किती रोध करतो, हे त्याची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग यांच्या गुणाकाराने ठरते. सीमेच्या दोन बाजूंचा हा रोध सारखा असेल, तर ध्वनी काही न सांगता पुढे निघून जातो. स्नायू आणि चरबी यांच्या सीमेवर शंभरातला साधारण एक हिस्सा परततो, तर स्नायू आणि हाड यांच्या सीमेवर शंभरातले सुमारे चाळीस. आणि मऊ मांस व हवा यांच्या सीमेवर? जवळजवळ सगळाच ध्वनी परत येतो, पुढे काहीच जात नाही.

या एका गोष्टीतून तपासणीच्या कितीतरी रीतींचा उलगडा होतो. पोटावर तो गार, चिकट जेल लावतात तो त्वचा आणि प्रोब यांच्यामधील हवेचा पातळ थर घालवण्यासाठी. तो थर राहिला, तर ध्वनी त्वचेवरूनच माघारी फिरेल. हवेने भरलेले निरोगी फुप्फुस सोनोग्राफीत आरपार दिसत नाही, आतड्यातील वायू पाठीमागचे स्वादुपिंड झाकून टाकतो, ही त्याचीच रूपे. 'पोटात गॅस असल्याने स्वादुपिंड नीट दिसले नाही' असे अहवालात लिहिलेले आढळले, तर ती डॉक्टरांची चुकारपणाची सबब समजू नये. ते प्रामाणिक विधान आहे.

उपाशीपोटी यायला सांगतात त्याचे कारणही यातच आहे. जेवल्यावर, विशेषतः स्निग्ध अन्न घेतल्यावर, पित्ताशय आकसते आणि आतड्यात वायू वाढतो. सहा ते आठ तास काही न खाल्ल्यास पित्ताशय पित्ताने भरून फुगते. त्यातील खडे मग स्पष्ट दिसतात. आपल्याकडे चौविहार पाळणाऱ्या व्यक्ती सकाळी तपासणीला गेल्या, तर वेगळी तयारी करावीच लागत नाही. अडचण येते ती ओटीपोटाच्या तपासणीत. तेथे मूत्राशय पाण्याने भरलेले हवे असते, कारण पाणी आतड्यांना बाजूला सारते आणि ध्वनीला आत जाण्यासाठी स्वच्छ खिडकी उघडून देते. त्यासाठी तासभर आधी चार-पाच पेले पाणी प्यावे लागते. चौविहार उपवासाच्या दिवशी हे शक्य नाही, आणि सूर्यास्तानंतरची वेळ मिळाली तर चौविहार करणाऱ्यांनाही शक्य नाही. तिविहार उपवासात मात्र दिवसा उकाळलेले पाणी घेऊन हे साधते. तेव्हा वेळ ठरवतानाच व्रताची कल्पना दिली आणि दुपारची वेळ मागितली, तर दोन्ही गोष्टी सांभाळता येतात. विवाहित स्त्रियांसाठी अंतर्गत प्रोबने करावयाची तपासणीही असते, तिला भरलेल्या मूत्राशयाची गरज नसते. आणि दुखणे तातडीचे असेल, तर पच्चक्खाणात आगार कशासाठी ठेवले आहेत, हे साधू-साध्वीजींना विचारावे. तपासणी लांबवू नये.

पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्याचा अर्थ लावणे ही वेगळीच विद्या. पाण्याने भरलेली गाठ आतून काळी दिसते, पण तिच्या मागचा भाग नेहमीपेक्षा उजळ दिसतो, कारण पाण्यातून जाताना ध्वनीची घट फारच कमी झालेली असते आणि यंत्र मात्र ठरल्याप्रमाणे व्याज लावते. खड्याच्या बाबतीत उलट. खड्याची पुढची कड पांढरी लकाकते आणि मागे काळी सावली पडते, दिव्यापुढे हात धरल्यावर भिंतीवर पडावी तशी. रुग्णाला कुशीवर वळायला सांगितले आणि पांढरा ठिपका पित्ताशयात घरंगळला, की तो खडा. जागचा हलला नाही, तर बहुधा आतल्या अस्तराची लहानशी वाढ.

आणखी एक बारकावा. शरीरात सर्वत्र वेग १,५४० मीटरच आहे, असे यंत्र धरून चालते. चरबीत तो सुमारे १,४५० असतो. पाच सेंटिमीटर जाड चरबीमागची वस्तू त्यामुळे खऱ्या जागेपेक्षा सुमारे तीन मिलिमीटर खोल दाखवली जाते. प्रोब किंचित तिरपा धरला, तर खडा लहान-मोठा भासतो. आज नऊ मिलिमीटर आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी आठ, हे पाहून 'औषधाने खडा विरघळायला लागला' असा आनंद किंवा 'पहिला अहवाल खोटा होता' असा संताप, दोन्ही घाईचे असतात. या तपासणीत यंत्राइतकाच तपासणाऱ्याचा हात महत्त्वाचा असतो. म्हणून जुने अहवाल जपून ठेवावेत आणि प्रत्येक वेळी सोबत न्यावेत. जमाखर्चाच्या वह्या वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या आपल्या घरांत वैद्यकीय कागद मात्र कपाटाच्या कोपऱ्यात विखुरलेले असतात, याचे नवल वाटते.

हे तंत्र प्रसूतिशास्त्रात आले ते एका बॉयलर कारखान्यातून. इयान डोनाल्ड हे ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात डॉक्टर होते आणि रडार-सोनार यांच्याशी त्यांची ओळख होती. लोखंडाच्या जाड पत्र्यात आतून तडा गेला आहे काय, हे श्राव्यातीत ध्वनीने तपासण्याची यंत्रे तोवर कारखान्यांतून रुळली होती. १९५५ साली डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारींत भरून जवळच्या रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर कारखान्यात गेले आणि तेथील यंत्रावर त्यांनी त्या तपासून पाहिल्या. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले. पुढे टॉम ब्राऊन हा तरुण अभियंता आणि जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. एका स्त्रीच्या पोटात शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग आहे, असे निदान झाले होते. यंत्राने तेथे द्रवाने भरलेली मोठी गाठ दाखवली. शस्त्रक्रिया झाली, बीजांडकोशाची गाठ निघाली आणि ती स्त्री बरी झाली. त्यानंतर या साधनाकडे कोणी हसून पाहिले नाही. या तिघांचा शोधनिबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकात ७ जून १९५८ रोजी प्रसिद्ध झाला.

गर्भाला यातून इजा होते काय, हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. क्ष-किरण अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवू शकतात. ध्वनीला ते शक्य नाही. ध्वनी शोषला गेला, की त्याची थोडी उष्णता होते, इतकेच. ती मर्यादेत राहावी म्हणून यंत्राच्या पडद्यावर तिचा निर्देशांक सतत दाखवलेला असतो. डॉक्टर गरजेपुरतीच शक्ती आणि गरजेपुरताच वेळ वापरतात. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत डॉप्लर तपासणी कारणाशिवाय केली जात नाही, कारण तिच्यात ध्वनीची शक्ती एकाच जागी अधिक वेळ पडते. गरज म्हणून केलेली सोनोग्राफी निर्धास्तपणे करावी. केवळ हौसेखातर बाळाचे चित्र काढवून घेणे मात्र टाळावे.

डॉप्लरचा उल्लेख आला, तर त्या खोलीत ऐकू येणाऱ्या 'धकधक' आवाजाविषयीही सांगायला हवे. तो बाळाच्या हृदयाचा आवाज नव्हे. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा उंच आणि दूर जाणाऱ्या गाडीचा खालच्या स्वरात ऐकू येतो, हा नियम क्रिस्टियन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडला. वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनीचा स्वरही तसाच बदलतो. तीस लाख कंपनांचा ध्वनी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने समोर येणाऱ्या रक्तावर आदळला, तर परतताना त्यात सुमारे दोन हजार कंपनांचा फरक पडतो, आणि दोन हजार कंपने आपल्या कानाच्या आवाक्यात येतात. यंत्र तो फरक ध्वनिवर्धकावर ऐकवते. होणाऱ्या आजीच्या डोळ्यांत पाणी येते ते एका वजाबाकीच्या उत्तराने; पण ते उत्तर खरे असते.

याच खोलीत आपल्या समाजाने एक दुसरा प्रश्नही विचारला आहे. २००१ च्या जनगणनेत ९४.१ टक्के साक्षरतेसह जैन समाज देशात पहिला होता. त्याच जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे देशात ९२७ मुली होत्या आणि आपल्या समाजात ८७०. शिखांखालोखाल सर्वांत कमी. २०११ साली हा आकडा ८८९ झाला. निसर्गतः तो ९५० च्या आसपास असतो. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली पाहून चालणाऱ्या समाजाचा हा हिशेब आहे, आणि तो परक्याने लिहिलेला नाही. आपल्याच घरांत येऊन, आपल्याच तोंडून ऐकून गणकांनी भरलेला आहे. 'पेढी कोण सांभाळणार' हा प्रश्न आपल्या बैठकीत आजही विचारला जातो. आज कित्येक घरांत सुना आणि लेकी हिशेबापासून निर्यातीपर्यंत सारे सांभाळत असताना तो विचारला जातो, हे अधिक खटकते. डोनाल्ड स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्याला त्यांनी उघड विरोध केला होता. त्यांच्या हातून घडलेल्या साधनाचा हा उपयोग त्यांच्या कल्पनेतही नसावा.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे पहिले राज्य महाराष्ट्र. तो कायदा १९८८ चा. देशाचा कायदा १९९४ साली झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. शिक्षा केवळ डॉक्टरला होते, असा समज आपल्याकडे आहे. तो चुकीचा आहे. अशी तपासणी करवून घेऊ पाहणाऱ्या नातेवाइकांना पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा घडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. उलट सिद्ध होईपर्यंत, त्या स्त्रीवर पती वा नातेवाइकांनीच सक्ती केली, असे कायदा गृहीत धरतो. तपासणीपूर्वी तिच्याकडून सही करून घेतली जाते ती या कायद्याखालील नोंदीसाठी. 'इतके कागद कशाला' म्हणून तेथे कुरकुर करू नये.

साधारण अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास जी सविस्तर तपासणी होते, तिच्यात डॉक्टर बाळाचे डोके आडवे मोजतात, मांडीचे हाड मोजतात, पोटाचा घेर मोजतात. पाठीचा कणा मणक्यामणक्याने पाहतात, हृदयाचे चार कप्पे मोजून घेतात, दोन्ही मूत्रपिंडे आहेत ना ते पाहतात. वार कोठे चिकटली आहे आणि भोवती पाणी किती आहे, हेही नोंदवतात. यांतील प्रत्येक आकडा एका प्रतिध्वनीच्या वेळेवरून निघालेला असतो. सोबत गेलेल्या सासूबाईंना किंवा आईंना काही विचारायचेच असेल, तर कणा नीट आहे का आणि वार खाली आली नाही ना, हे दोन प्रश्न विचारावेत. डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून दाखवतात.